चावी खिशात, दिवे चालू

हरतालिकेची रात्र होती. साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वाडीतला मुलगा छत्री मिटत दारात उभा राहिला. "काका, गाडयेची पाटची लायट बंदच होणा नाय. बाबांनी बोलवल्यानी."

त्याचे वडील दुपारीच मुंबईहून आले होते. जाऊन बघतो तर खळ्याच्या कडेला गाडी उभी, चावी काढलेली, दारं लॉक आणि मागचे ब्रेक लाइट भक्क पेटलेले. पाऊस चालू होता. ओल्या जांभ्याच्या गडग्यावर लाल उजेड पडला होता आणि घरातली झाडून सगळी मंडळी गाडीभोवती जमली होती. कुणी म्हणत होतं हँडब्रेक ओढून बघ, कुणी हेडलाइटचा खटका चालू-बंद करत होतं. मुलाचे मामा तर मागच्या दिव्याची काच काढायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले होते.

दिव्याला काहीच झालं नव्हतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर पिवळट प्लॅस्टिकचे तीन-चार तुकडे पडले होते, चणाडाळीएवढे. ते बघितल्यावर पुढचं काम पाच मिनिटांचं होतं. ते काय होतं, ते पुढे येईलच.

कुडाळच्या बाजूला गेली वीसेक वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गणपतीत आणि मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत 'दिवा बंद होत नाही' ही ठरलेली. गाडी नवीन घेतलेले लोक यात सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरून नको ते उघडतात. म्हणून हे लिहितोय, आपल्या आपण काय तपासता येईल आणि कुठे हात आखडता घ्यायचा ते सांगायला.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. न लागणाऱ्या दिव्याचा दोष बहुतेक वेळा दिव्यातच असतो, बल्ब गेलेला असतो. न विझणाऱ्या दिव्याचं उलट असतं. तो बिचारा सांगितलेलं काम करत असतो, त्याला कुणीतरी 'पेट' म्हणून सांगत असतं. खटका सांगत असेल, रिले (मोठा करंट सोडणारी छोटी डबी) सांगत असेल, कुठली तरी उघडी वायर सांगत असेल, नाहीतर गाडीतला कॉम्प्युटर. आपल्याला शोधायचा तो हा सांगणारा. दिव्याची काच शेवटी उघडायची.

बिघाड आहे की सोय, ते बघा

निम्म्या वेळा बिघाड नसतोच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत लॉक केल्यावर हेडलाइट थोडा वेळ पेटते राहतात, अंधारात तुम्ही पायरीपर्यंत पोचावं म्हणून. हा वेळ गाडीप्रमाणे कमीजास्त असतो आणि मेनूमधून वाढवताही येतो. घरातल्या पोरांनी स्क्रीनवर खेळता खेळता तो वाढवून ठेवलेला मी पाहिलाय. तेव्हा गाडी लॉक करा, चावी घेऊन दूर जा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. दिवे आपले आपण गेले तर घरी जाऊन जेवा.

दुसरं, खटका 'ऑटो'वर आहे का ते बघा. असेल तर अंधार झाला की नाही हे गाडी एका छोट्या सेन्सरवरून ठरवते. तो डॅशबोर्डवर काचेच्या कडेला गोल टिकलीसारखा असतो किंवा आरशामागे काचेला चिकटवलेला असतो. या टिकलीवर आपल्याकडे काय काय ठेवलेलं असतं! गणपतीची मूर्ती, पंचा, टोलच्या पावत्या, एकदा तर सुकत घातलेली कोकमं. सेन्सर झाकला की गाडीला वाटतं रात्र झाली आणि भर दुपारी इंजिन चालू असताना हेडलाइट काही केल्या जात नाहीत. मूर्ती चार बोटं सरकवा, अर्ध्या मिनिटात दिवे जातील. आंबोली घाटात जुलैत दुपारी तीनला दिवे लागले तर मात्र सेन्सर बरोबर आहे, त्याला राहू द्या.

इंजिन चालू असेतो समोर पांढरी एलईडी पट्टी जळत राहते, ती दिवसा गाडी दिसावी म्हणून असते. बऱ्याच गाड्यांत ती बंद करायचा खटकाच नसतो. चावी काढल्यावर गेली की झालं.

युरोपीय घडणीच्या काही गाड्यांत आणखी एक गंमत असते. चावी काढल्यावर इंडिकेटरची दांडी डावीकडे किंवा उजवीकडे राहिली, तर त्या बाजूचे पुढचे-मागचे छोटे दिवे मुद्दाम पेटते राहतात. अरुंद रस्त्यावर लावलेली गाडी अंधारात दिसावी म्हणून ही सोय. एकाच बाजूचे दिवे चालू असतील तर आधी दांडी मधे आणा.

आणि पार्किंग लाइट. पुष्कळ गाड्यांत ते चावीशिवाय चालतात. विसरलात तर दार उघडताना गाडी 'टीं टीं' करते. पण दार उघडलं हे तिला कळतं दाराच्या चौकटीतल्या रबरी टोपीच्या छोट्या खटक्यावरून आणि आपल्या खाऱ्या हवेत तो खटका गंजून बसतो. मग गाडी गप्प राहते. दार उघडल्यावर आतला छतातला दिवा लागत नसेल तर हा खटका गेला असं समजा आणि बदलून घ्या. स्वस्तातली वस्तू आहे.

कोणता दिवा, ते नीट बघून घ्या

हे सगळं तपासून झालं आणि दिवा तरी जळतोय, तर गाडीभोवती एक चक्कर मारा. 'मागची लाइट' म्हणजे नक्की कोणती? मागे लाल रंगात दोन उजेड असतात. मंद जळतो तो टेल लाइट, डोळ्यात खुपेल असा तो ब्रेक लाइट. पुष्कळ गाड्यांत दोन्ही एकाच बल्बमध्ये असतात, दोन तारांचा बल्ब, एक तार ५ वॅटची, दुसरी २१ वॅटची. मागच्या काचेत तिसरा ब्रेक लाइट असेल तर तो बघा. तोही पेटलेला असेल तर सगळ्या ब्रेक लाइटना एकत्रच हुकूम जातोय, म्हणजे पेडलकडे बघायचं. फक्त एका कोपऱ्यातला दिवा भलता जळत असेल तर दोष बहुतेक त्याच कोपऱ्यात, बल्बच्या होल्डरमध्ये.

समोर काय जळतंय? छोटे पार्किंग, हेडलाइट, की बंपरमधले फॉग? नंबर प्लेटवरचा दिवा चालू आहे का? तो पार्किंगच्या दिव्यांबरोबर चालतो, तेव्हा तो पेटला असेल तर लाइटच्या मुख्य खटक्याकडे संशय जातो. मोबाइलवर पुढून-मागून दोन फोटो काढून ठेवा. सकाळी माझ्यासारख्याला दाखवायला कामाला येतात.

रात्र काढायची आहे, बॅटरी वाचवा

छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. हेडलाइटचे दोन ५५ वॅटचे बल्ब आणि बाकीचे छोटे दिवे मिळून १० ते ११ अँपिअर ओढतात. कागदावर तीन तास चालतील, पण स्टार्टर फिरवायची ताकद त्याच्या आधीच जाते. ब्रेक लाइटचे दोन २१ वॅटचे बल्ब साडेतीन अँपिअर खातात, म्हणजे रात्री नऊला पेटले तर पहाटेच्या आत खेळ खलास. नुसते पार्किंग दोन-अडीच अँपिअरवर भागवतात, पण सकाळपर्यंत तेही बॅटरीला खाली आणून ठेवतात. मीटर असेल तर बघा: भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी आणि ११.८ च्या आसपास आली की उतरलीच.

कारण रात्री सापडलं नाही तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय. बहुतेक जपानी-कोरियन घडणीच्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. हा पाना गाडीत ठेवाच. पण सोडवण्याआधी चार गोष्टी सांभाळा.

चावी बंद करून पाच मिनिटं जाऊ द्या. चावी हातात ठेवा, गाडीत ठेवू नका. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्की विजेच्या बटनावर उघडत असेल तर वायर सोडवल्यावर डिक्की बंद करू नका, नाहीतर उघडायची कशी हा नवा प्रश्न. सोडवायची ती वजा खुणेची वायर, अधिकची नव्हे. अधिकच्या टर्मिनलवर लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला की ठिणगी कशी उडते ते एकदा बघितलेला माणूस परत विसरत नाही. हातातली अंगठी काढा, लोखंडी कडं असेल तर तेही.

सुटलेली वायर परत टर्मिनलवर जाऊन टेकणार नाही अशी बाजूला करून फडक्यात गुंडाळा. दुसऱ्या दिवशी जोडल्यावर घड्याळ बारा दाखवेल, रेडिओचे स्टेशन जातील, काही गाड्यांत काचा एका झटक्यात वर जाणं बंद होईल. काच पूर्ण वर नेऊन बटन काही सेकंद धरून ठेवलं की बऱ्याचदा जमतं, नाही जमलं तर गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर केशरी रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही. तिथे माझंही काम नाही.

ब्रेक लाइट: पेडलखाली वाका

आता त्या हरतालिकेच्या गाडीकडे येतो, कारण न विझणाऱ्या दिव्यांत मला सगळ्यात जास्त भेटलेलं कारण हेच.

ब्रेकच्या पेडलची दांडी वर जिथे लोखंडी पट्टीला जोडलेली असते तिथे बोटाच्या पेराएवढा एक खटका बसवलेला असतो. त्याच्या टोकाला बारीक दांडी, आत-बाहेर होणारी. पाय पेडलवर नसतो तेव्हा पेडलचा हात ती दांडी दाबून धरतो आणि दिवा बंद राहतो. पाय दिला की पेडल लांब जातं, दांडी बाहेर येते, दिवा लागतो. म्हणजे काम उलटं आहे: दाबलेला खटका म्हणजे बंद दिवा.

बऱ्याच गाड्यांत पेडलच्या हाताला या दांडीसमोर एक भोक असतं आणि त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते. दांडी टेकते ती या टोपीवर. दहा-बारा वर्षांनी उन्हात तापून ही टोपी बिस्किटासारखी ठिसूळ होते. कधीतरी ती फुटते, दांडी सरळ भोकातून पलीकडे जाते आणि खटक्याला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. चावी काढली तरी दिवा पेटलेला, कारण ब्रेक लाइटला बहुतेक गाड्यांत थेट बॅटरीतून करंट असतो. मॅटवरचे ते चणाडाळीएवढे तुकडे म्हणजे ही टोपी.

तपासायचं कसं? मोबाइलचा टॉर्च लावा, ड्रायव्हरच्या बाजूने गुडघ्यावर बसा, एकाला गाडीच्या मागे उभं करा.

आधी मॅट पेडलखाली अडकलंय का बघा. पावसात लोक मॅटवर मॅट टाकतात, वर वर्तमानपत्र टाकतात, त्याची घडी पेडलच्या मुळाशी जाऊन बसते. मग पेडलखाली पायाचा चवडा घालून ते वर उचला. दिवा गेला, तर पेडल पूर्ण वर येत नाहीये. स्प्रिंग सैल असेल, पेडलच्या सांध्यात गंज असेल किंवा खटका आपल्या जागेवरून मागे सरकला असेल. पेडल खरंच अर्धवट दाबलेलं राहत असेल तर चाकंही धरलेली असतील. थोडी चालवून आल्यावर एखाद्या चाकातून जळका वास येतोय का, रिमला हात न लावता जवळ नेऊन धग जाणवतेय का, बघा. जाणवली तर गाडी पुढे न्यायची नाही, ते मेकॅनिकचं काम.

पेडल उचलून फरक पडत नसेल तर खटक्याची दांडी बोटाने दाबा. दिवा गेला? टोपी गेली. पैजेवर सांगतो. नवी टोपी एका चहा-वड्याच्या पैशात मिळते, पण गणपतीत दुकान बंद. मी त्या रात्री भोकात एक चपट्या डोक्याचा छोटा नट-बोल्ट आवळला, डोकं दांडीच्या बाजूला, आणि दिवा विझला. हा जुगाड चार दिवसांचा. बोल्ट सैल होऊन पडला तर पुन्हा दिवा पेटेल, पेडलमध्ये अडकला तर त्याहून वाईट. टोपी बसेपर्यंत रोज बोटाने हलवून बघायचा.

दांडी दाबूनही दिवा जात नसेल तर खटक्याचा प्लग काढून बघा. जुन्या साध्या दोन वायरच्या खटक्याला प्लग काढल्यावर दिवा गेला तर खटका आतून चिकटलाय, बदला. तरीही जळत असेल तर पुढे कुठेतरी वायर शॉर्ट आहे. चार वायरवाल्या नव्या खटक्यांत हा निकाल चालत नाही, तिथे प्लग काढल्यावर गाडी उलट तक्रार करते आणि दिवा चालूही ठेवू शकते.

वाट बघवत नसेल तर फ्यूज काढा. फ्यूजच्या झाकणामागे नकाशा असतो, त्यावर 'स्टॉप' लिहिलेला शोधा. एवढंच लक्षात ठेवा की काही गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्नही असतो. आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी तो फ्यूज परत लावा. ब्रेक लाइट नसलेली गाडी घेऊन कुणी फोंड्याच्या घाटात धुक्यात उतरत असेल तर त्याच्या मागच्या ट्रकवाल्याला तरी कसं कळणार? सतत पेटलेला ब्रेक लाइटही तितकाच वाईट, मागच्याला तुम्ही खरा ब्रेक कधी दाबलात ते दिसतच नाही.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना एक जास्तीची खूण मिळते. ब्रेक न दाबता गिअर 'पी'मधून निघू लागला तर टोपी किंवा खटका गेल्याचा संशय धरा. पोरं गाडीत बसून खेळतात, म्हणून हे टाळू नका.

हेडलाइट आणि पार्किंग: 'टिक' ऐका

इथे दोन संशयित, स्टिअरिंगखालचा खटका आणि रिले. जुन्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट त्या दांडीच्या खटक्यातूनच जातो. आतली तांब्याची पानं तापतात, प्लॅस्टिक वितळतं, खटका बंद केला तरी पानं एकमेकांना धरून राहतात. दांडी फिरवताना सैल लागली, जळका वास आला, किंवा जरा वर ढकलल्यावर दिवा लुकलुकला, तर खटकाच. तो आख्खा बदलावा लागतो. उघडून तार लावून देणारे आहेत, मी देत नाही, कारण महिन्याभरात गाडी परत येते.

रिले म्हणजे छोटी चौकोनी डबी. खटका तिला बारीक करंट देतो, ती आत लोहचुंबकाने पान ओढून मोठा करंट सोडते. ते पान ओढताना-सोडताना 'टिक' वाजतं. रात्री शांततेत बॉनेट उघडा, एकाला खटका चालू-बंद करायला सांगा आणि रिलेच्या डब्यावर बोट ठेवा. टिक लागतेय पण दिवा जात नाही, किंवा टिकच लागत नाही, दोन्हीकडे आतलं पान ठिणगीने चिकटून बसलं असण्याची शक्यता आहे. डबीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारा. दिवा गेला तर चोर सापडला. पण टिचकीने बरी झालेली रिले ही बरी झालेली नसते, उद्या परत चिकटेल.

पक्कं करायला तिला उपटून काढा. दिवा गेला? मग शेजारची त्याच नंबरची, तेवढ्याच पायांची दुसरी रिले तिथे लावून बघा. हॉर्नची पुष्कळदा तशीच असते. नंबर आणि पायांची मांडणी जुळल्याशिवाय लावू नका. दुसरी लावल्यावर खटक्याप्रमाणे दिवा चालू-बंद व्हायला लागला तर जुनी फेकून द्या. दुसरी लावूनही दिवा पेटलेलाच, तर खटक्याकडूनच हुकूम येतोय. आणि रिले काढून हातात असताना समोर दिवा जळतोय, तर तो करंट तिसऱ्याच वाटेने येतोय. त्या वाटेबद्दल पुढे सांगतो.

नव्या गाड्यांत रिले दिसणारच नाही, सगळं एका कंट्रोल युनिटमध्ये असतं. यांची एक खोड आहे. लाइटच्या खटक्याकडून नीट निरोप आला नाही की काही गाड्या खबरदारी म्हणून हेडलाइट पेटवूनच ठेवतात. अंधारात अचानक दिवे जाण्यापेक्षा ते जळत राहिलेले बरे, असा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो. पण त्यामुळे खटक्याचा प्लग सैल झाला तरी लोकांना वाटतं महागडं युनिट गेलं. युनिट बदला म्हणून कुणी सांगितलं तर आधी खटक्याचा प्लग काढून, पुसून, घट्ट लावून बघायला सांगा आणि स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा.

खारी हवा, ओल आणि ती हिरवी पूड

घाटावरच्या माझ्या मित्राला हे काम फारसं पडत नाही, मला रोज पडतं. मालवण, वेंगुर्ला, देवगड, हर्णै, जिथे घर समुद्राला लागून आहे तिथल्या गाडीचा प्लग उघडला की तांब्यावर हिरवी पूड. मीठ ओल ओढून घेतं आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. दोन पिनांच्या मधे ही ओली पूड साचली की बंद असलेल्या पिनेत शेजारच्या पिनेतला करंट झिरपतो. पुरेसा झिरपला की दिवा मंद जळत राहतो. उन्हात गाडी दोन तास उभी केल्यावर बिघाड नाहीसा होतो आणि संध्याकाळी परत येतो, ही याची खूण.

मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये हे फार होतं. दोन तारांच्या बल्बला खाली दोन ठिपके असतात. गंज, पाणी किंवा वितळलेलं शिसं दोन्ही ठिपके जोडतं, की पार्किंग लावल्यावर ब्रेक लाइट आणि ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे, असा घोळ सुरू. चुकीचा बल्बही हेच करतो: दोन तारांच्या होल्डरमध्ये एका तारेचा बल्ब दाबून बसवलेला. बल्ब काढा, खालचे ठिपके मोजा, काचेत तार तुटून दुसऱ्या तारेवर पडलीय का बघा.

साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर. बॅटरी सोडवून करा. पूर्ण वाळल्यावर बल्बच्या बुडाला व्हॅसलीनचं पातळ बोट फिरवा. दिव्यात पाणी साचत असेल तर मागचं रबर बदला. काही जण एम-सील आणि सिलिकॉनने दिवा चहूबाजूंनी लिंपून टाकतात. दिव्याच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजली की आत मत्स्यालय तयार होतं.

पर्यटकांचं एक सांगतो. गाडी पुळणीवर नेऊन लाटांच्या कडेने फिरवायची हौस असते. नेऊच नका, पण गेलीच असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवरून आलात आणि पाणी उडालं, तरी तेच. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र धुऊन भागत नाही. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतरच्या गाड्यांत वायरिंगचे रोग महिनोन्‌महिने निघत राहिले. जुनी गाडी घेताना सीटखालच्या प्लगमध्ये चिखलाची रेघ दिसतेय का, हे टॉर्च मारून बघा.

नंतर बसवलेलं सामान

रिले काढूनही जळणाऱ्या दिव्याची तिसरी वाट बहुतेक वेळा इथे सापडते. एलईडी पट्ट्या, जादा फॉग, जास्त वॅटचे बल्ब आणि त्यासाठी ओढलेली वेगळी वायर, रिमोटचा अलार्म. गाडी घेतल्या घेतल्या हे सगळं बसवायची घाई असते. बसवणारा वायर बॅटरीवरून थेट घेतो, फ्यूज लावत नाही, जोडाला साधी चिकटपट्टी. दोन पावसाळ्यांत पट्टी सुटते, वायर बंपरच्या पत्र्यावर घासते.

नवख्या माणसाने करण्यासारखं एवढंच: बॅटरीच्या अधिक टर्मिनलला कारखान्यातून आलेल्या वायरी सोडून काय काय जोडलंय ते बघा. जाड काळ्या नळीतून आलेली वायर कारखान्याची, लाल-पिवळी उघडी लोंबणारी नंतरची. बॅटरी निगेटिव्हने सोडवून ती जादा वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, निगेटिव्ह परत जोडा. दिवा गेला तर त्या सामानाशीच भांडण आहे.

उंदीर हेही आपल्याकडचं सामानच. नारळाच्या ढिगाशेजारी, गवताच्या गंजीशेजारी गाडी महिनाभर उभी राहिली की बॉनेटखाली नारळाची सोडणं सापडतात आणि कुरतडलेल्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या. कुरतडलेली वायर दिसली तर फ्यूज बदलून चालवत राहू नका, आगीला निमंत्रण आहे ते.

उरलेले दिवे

चारही इंडिकेटर लुकलुकत राहिले तर हॅझर्डचं लाल बटन आत अडकलंय का बघा, चहा-सरबत सांडलेलं असतं त्यात. लॉक केल्यावर लुकलुकत असतील तर अलार्म. रिव्हर्सचा पांढरा दिवा सुटत नसेल तर गिअरबॉक्सवरचा खटका. गाडी जॅकवर घेऊन खाली शिरायचं काम असतं, ते तुमचं नाही.

बॅटरी उतरलीच तर

जंप केबल लावण्याचा क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत.

१. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला.
२. तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला.
३. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला.
४. काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी इथे पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.

चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग स्टार्टर मारा. चालू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढा. मॅन्युअल गाडी घाटीच्या उतारावर धक्का देऊन सुरू करता येते, ऑटोमॅटिक नाही. आणि सुरू झाली म्हणून बाजारापर्यंत जाऊन बंद करू नका, दहा मिनिटांत बॅटरी भरत नाही. तास-दीड तास चालवा नाहीतर चार्जरवर लावा. चालू इंजिनावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना नुसतं 'लाइट बंद होत नाही' म्हणू नका. कोणता दिवा, चावी काढल्यावरही का, पाऊस पडून गेल्यावर सुरू झालं का, अलीकडे गाडीत काय बसवलं, कुठला फ्यूज किंवा रिले काढल्यावर गेला, एवढं सांगितलंत तर अर्ध्या तासाची मजुरी वाचते. तुम्ही स्वतः काय काय सोडवलंय तेही सांगा, लाजू नका. मामांनी काढलेला एक स्क्रू मला अंधारात चिखलात शोधावा लागला होता.

काम झाल्यावर खात्री दिवसा करू नका. अंधार पडल्यावर गाडी गडग्याकडे पाठ करून लावा, एकेक दिवा लावून-विझवून दगडावर पडणारा उजेड आरशात बघा. मग लॉक करा, घरात जा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा खळ्यात येऊन नजर टाका. काही गाड्या लॉक केल्यावर जरा उशिरानेच झोपतात.